‘अ’ म्हणजे आंबे नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पुढील राशीला सोपे रूप द्या’ हे शब्द गणिताच्या पुस्तकात सातवीच्या सुमारास येतात आणि दहावीपर्यंत मुलांची पाठ सोडत नाहीत. या उदाहरणांत सूत्र आठवले नाही म्हणून गुण जाणे तसे कमीच. गुण जातात ते सजातीय पदांची बेरीज-वजाबाकी करताना. ३क्ष + ५ चे ८क्ष होतात, ७क्ष − क्ष चे उत्तर ७ येते, वजाच्या कंसातले चिन्ह बदलायचे राहून जाते. वहीत लाल शाईने ‘निष्काळजीपणा’ असा शेरा पडतो आणि घरी ‘लक्ष कुठे असते तुझे?’ हे ऐकावे लागते. यातल्या बहुतेक चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, हे सांगण्यासाठी हे पत्र. मुलाला जे समजावून दिले गेले त्यातूनच त्या सरळ तर्काने निघतात. वर्गात, शिकवणीत आणि घरी सर्रास दिले जाणारे ते स्पष्टीकरण असे: अ म्हणजे आंबे, क म्हणजे केळी, तीन आंबे आणि दोन केळी यांची बेरीज होत नाही, म्हणून ३अ + २क तसेच ठेवायचे.

(पाठ्यपुस्तकांत चलांसाठी इंग्रजी अक्षरे असतात. छपाईच्या सोयीसाठी मी इथे क्ष, य, अ, ब ही आपली जुनी अक्षरे वापरतो. ‘सजातीय’ पदांना काही ठिकाणी ‘सरूप’ पदे म्हणतात, अर्थ एकच. अक्षरे तीच आणि त्यांचे घातांकही तेच असले की पदे सजातीय. पुढचा सहगुणक, म्हणजे अक्षराला गुणणारी संख्या, कोणतीही चालते.)

आंब्या-केळ्यांचा दाखला पहिल्या दिवशी छान चालतो. ३अ + ५अ = ८अ हे मुलाला तत्काळ पटते, ३अ + २क एकत्र होत नाहीत हेही पटते, आणि शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतात. मुलाच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की बसलेली असते: अक्षर म्हणजे वस्तू. आता त्याला ७अ − अ द्या. सात आंब्यांमधून ‘आंबे’ हा शब्द काढून टाकला, तर उरतात सात. त्याने ७ लिहिले तर त्याच्या समजुतीप्रमाणे ते बरोबरच आहे. ३अ + ५ द्या. पाच कसले? अर्थात आंबेच असणार, गोष्ट आंब्यांचीच चालली आहे. म्हणून ८अ. पुढे अ × क येते, तेव्हा आंबे गुणिले केळी म्हणजे काय याला उत्तरच नसते. अ² म्हणजे ‘चौरस आंबा’ की काय, असा प्रश्न मुलाला पडतो आणि विचारायची लाज वाटते.

या समजुतीचा सर्वांत मोठा फटका शाब्दिक उदाहरणांत बसतो. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे. विद्यार्थ्यांची संख्या वि आणि शिक्षकांची संख्या शि मानून या प्रमाणाचे समीकरण लिहायला सांगा. बरीच मुले ३०वि = शि असे लिहितात, आणि पुष्कळ मोठी माणसेही. ‘तीस विद्यार्थी, एक शिक्षक’ या वाक्याची ती लघुलिपी असते. वि आणि शि यांना तिथे संख्या म्हणून कोणी पाहिलेलेच नसते. शि = ४ ठेवून पाहा. विद्यार्थी १२० हवेत, म्हणजे समीकरण वि = ३०शि. अक्षर म्हणजे वस्तू, असे सातवीत शिकवले की नववी-दहावीत त्याची किंमत अशी मोजावी लागते.

यावर उपाय म्हणून आंबा सोडायचीही गरज नाही. फक्त अक्षर आंब्यावरून उचलून पेटीवर ठेवायचे. हापूसची पेटी चार डझनांची असते, पाचाची असते, सहाचीही असते. बंद पेटीत किती आंबे आहेत ते आपल्याला ठाऊक नाही, पण एकाच मापाच्या सगळ्या पेट्यांत ते सारखे आहेत, एवढे ठाऊक आहे. एका पेटीतल्या आंब्यांची संख्या म्हणजे क्ष. आता ३क्ष + ५ म्हणजे तीन पेट्या आणि पाच सुटे आंबे. त्यांच्या आठ पेट्या झाल्या असे कोणतेही मूल म्हणणार नाही. ७क्ष − क्ष म्हणजे सात पेट्यांतली एक विकली, सहा राहिल्या. दुसऱ्या मापाची पेटी असेल तर तिच्यातल्या आंब्यांची संख्या य. मग ३क्ष + २य एकत्र का करता येत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि उद्या पेटी उघडली, आत ६० आंबे निघाले, तर ३क्ष + ५ ची किंमत १८५ निघते. आंब्या-केळ्यांच्या दाखल्यात हे उघडणे कधी होतच नाही, कारण तिथे संख्या दडलेली नाही. वर्गाचे पदही या चित्रात बसते. एका पेटीत जितके आंबे तितक्याच पेट्या एका टेम्पोत असतील, तर टेम्पोत क्ष² आंबे. दोन टेम्पो आणि तीन पेट्या मिळून पाच काही होत नाहीत, म्हणून २क्ष² + ३क्ष जसे आहे तसेच राहते.

मराठीत याहूनही सोपी एक वाट आहे आणि ती आपण वापरत नाही याचे मला फार वाईट वाटते. आपल्याकडे दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट हे शब्द आहेत. ३क्ष हे ‘तीन क्ष’ असे वाचले की तीन वस्तू डोळ्यांपुढे येतात आणि मधला गुणाकार दिसेनासा होतो. तेच ‘क्षची तिप्पट’ असे वाचा. क्षची तिप्पट आणि क्षची पाचपट मिळून क्षची आठपट. क्षच्या सातपटीतून एकपट गेली, सहापट उरली. ‘क्षची तिप्पट आणि पाच’ हे तोंडाने म्हटल्यावर त्याची आठपट करायला जीभ धजत नाही. पहिला महिनाभर वर्गात प्रत्येक पद असेच वाचायचे, एवढा एक बदल केला तरी ८क्ष वाल्या चुका पुष्कळ कमी होतील. एकट्या क्षचा सहगुणक १ असतो हेही वेगळे पाठ करावे लागणार नाही, कारण क्ष म्हणजे क्षची एकपट.

पण सजातीय पदे एकत्र होतात ती का? याचे उत्तर ‘सारखी असतात म्हणून’ एवढ्यावर सोडू नये. खरे उत्तर वितरण गुणधर्मात आहे: ३क्ष + ५क्ष = (३ + ५)क्ष. हा गुणधर्म मुलांना पाढ्यांतून आधीच येत असतो, फक्त तो दाखवून द्यायला हवा. बारा त्रिक छत्तीस, बारा पंचे साठ. छत्तीस आणि साठ शहाण्णव, आणि बारा आठे शहाण्णवच. सातचा पाढा घ्या: एकवीस आणि पस्तीस छप्पन्न, सात आठे छप्पन्न. कोणत्याही पाढ्यात तिसरी आणि पाचवी ओळ मिळवली की आठवी ओळ येते. ‘कोणत्याही’ या शब्दाच्या जागी क्ष लिहिला की ३क्ष + ५क्ष = ८क्ष. बीजगणित म्हणजे सगळे पाढे एका ओळीत लिहिण्याची सोय, हे या एका उदाहरणात मुलाला दिसू शकते.

शेताचा दाखला ग्रामीण भागातल्या मुलांना चटकन कळतो. क्ष रुंदीचे दोन तुकडे शेजारी-शेजारी आहेत, एकाची लांबी ३ आणि दुसऱ्याची ५. मधला बांध काढला की क्ष रुंदीचे आणि ८ लांबीचे एकच शेत होते. रुंदी वेगळी असेल, एकाची क्ष आणि दुसऱ्याची य, तर बांध काढूनही सरळ आयत तयार होत नाही. क्षेत्रफळांची बेरीज होते, पण ती ३क्ष + ५य अशीच लिहावी लागते. मुले कधीकधी विचारतात की ‘३क्ष + ५य ची बेरीज होतच नाही का?’ होते, नक्की होते. क्ष आणि य कळले की एकच संख्या मिळते. कळेपर्यंत ती याहून आटोपशीर लिहिता येत नाही, इतकेच. हा फरक स्पष्ट केला नाही तर मुलाला वाटते की ३क्ष + ५य हे अर्धवट सोडलेले उदाहरण आहे, आणि मग ते ‘पूर्ण’ करण्यासाठी ते ८क्षय लिहिते. सहा वर्षे अंकगणितात अधिकचे चिन्ह म्हणजे ‘बेरीज करून टाक’ असा हुकूम होता. इथे तेच चिन्ह उत्तरातही राहू शकते, ही गोष्ट नवी आहे आणि ती मोठ्याने सांगावी लागते.

या बाबतीत भास्कराचार्यांची लेखनपद्धती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ११५०च्या सुमाराच्या त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी नावे आहेत, आणि ती नावे अव्यक्त राशींच्या ‘माना’ची, म्हणजे मूल्याची, म्हणून दिलेली आहेत. लगेच पुढे नियम येतो: समान जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी करावी, भिन्न जातीच्या वेगळ्या मांडाव्यात. आपल्या ‘सजातीय’ शब्दातली ‘जाती’ हीच. त्या काळी ३क्ष + ५ असे न लिहिता ‘या ३ रू ५’ असे लिहीत. या म्हणजे यावत्तावत्, रू म्हणजे रूप, अर्थात साधी संख्या. वजा पदाच्या डोक्यावर टिंब. दोन वेगळ्या अज्ञातांच्या गुणाकाराला ‘भावित’ असे स्वतंत्र नाव होते. या मांडणीत सुट्या पाचालाही स्वतःची ओळख आहे, ‘रू’ची. त्यामुळे तो पाच चुकून ‘या’च्या तिनात मिसळण्याची सोयच नाही. आपल्या आजच्या लेखनात स्थिरपद उघडे असते, म्हणून ते शेजारच्या पदाला चिकटते. सुरुवातीच्या आठवड्यात मुलांकडून ३क्ष + ५ सुटे असे लिहून घेण्यात काही कमीपणा नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. म्हणजे हा नियम महाराष्ट्राच्या मातीत आठशे वर्षांपूर्वी रीतसर शिकवण्याची व्यवस्था झालेली होती.

आता प्रत्यक्ष उदाहरण सोडवताना काय करायचे ते. पहिले काम बेरजेचे नसते, तुकडे पाडण्याचे असते. राशीत जिथे-जिथे अधिक किंवा वजा चिन्ह आहे, त्या चिन्हाच्या डाव्या बाजूला पेन्सिलने उभी रेघ मारायची. कंसाच्या आत मात्र रेघ मारायची नाही. चिन्ह त्याच्या उजवीकडच्या पदाचे असते, डावीकडच्याचे नसते. ५क्ष − ३य − २क्ष + ७य चे तुकडे असे: ५क्ष | −३य | −२क्ष | +७य. मग सजातीय तुकड्यांना सारखी खूण करायची, क्षच्या पदांखाली एक रेघ, यच्या पदांखाली दोन. जागा बदलताना तुकडा चिन्हासकट उचलायचा: ५क्ष − २क्ष − ३य + ७य = ३क्ष + ४य. इथे दोन चुका नेहमी होतात. एकीत चिन्ह मूळ जागीच राहते आणि पद एकटेच सरकते, त्यामुळे ५क्ष + २क्ष होऊन बसते. दुसरीत −३य + ७य चे −१०य होतात, कारण ‘वजा आणि अधिक वजा’ हा गुणाकाराचा नियम मूल बेरजेला लावते. या दुसऱ्या चुकीवर बीजगणितात इलाज करून भागत नाही. −३ + ७ संख्यारेषेवर पुन्हा करून घ्यावे लागते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी हाच विचार आधी अंकगणिताला लावला: १९ − ७ + ४ सारख्या साध्या पदावलीतही प्रत्येक पदाभोवती त्याच्या चिन्हासकट चौकट आखायची. अक्षरे येण्याआधीच मुलाला पद दिसू लागते. सहावीत हे करून घेतले तर सातवीचे निम्मे काम झाले म्हणून समजा.

कंसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘कंचेभागुबेव’ (कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रियांचा क्रम) आपण सगळ्यांनी पाठ केलेले आहे आणि बीजगणितात तेच अडचणीत आणते. कंस आधी, हे संख्यांसाठी ठीक. पण ५ − २(क्ष + ३) मध्ये कंसाच्या आत करण्यासारखे काही नाही. ‘आधी कंस’ या शिस्तीखाली वाढलेले मूल तिथे काहीतरी करतेच, म्हणजे क्ष + ३ चे ३क्ष करते. किंवा कंस सुटत नाही म्हणून बाहेरचे ५ − २ उरकून घेते आणि ३(क्ष + ३) लिहिते. ३क्ष वाल्या चुकीमागे नियम न पाळण्याचा दोष नाही. नियम नको तिथे पाळल्याचा आहे. मुलाला सांगावे लागते की आतली पदे विजातीय असतील तर आत काही करायचे नाही. बाहेरचा गुणक, त्याच्या चिन्हासकट, आतल्या प्रत्येक पदाला लावायचा. −२ × क्ष = −२क्ष, −२ × ३ = −६. राशी झाली ५ − २क्ष − ६, म्हणजे −२क्ष − १.

कंसाबाहेर नुसतेच वजा असेल तर चिन्हे का बदलतात? ६क्ष − (२क्ष − ५) घ्या आणि क्षच्या जागी १० ठेवा. साठातून पंधरा वजा करायचे आहेत. आपण आधी वीसच काढून टाकले, म्हणजे पाच जास्त गेले. ते परत मिळवायचे. ६० − २० + ५ = ४५. म्हणून ४क्ष + ५. हे एकदा संख्येत दिसले की ‘वजाचा कंस, चिन्हे उलट’ हा मंत्र पाठ करावा लागत नाही, आणि तो अर्धवट आठवून पहिल्याच पदाचे चिन्ह बदलण्याची चूकही थांबते. कंसात कंस असेल तर आतून बाहेर जायचे आणि प्रत्येक पायरीला एकच कंस काढायचा: ७अ − [३अ − (अ − २ब)] = ७अ − [३अ − अ + २ब] = ७अ − [२अ + २ब] = ५अ − २ब. दोन कंस एका पायरीत काढण्याची घाई करू नये. तिथे वाचवलेली ओळ दोन गुणांना पडते.

घातांकांबाबत दोनच गोष्टी. क्ष² + क्ष² = २क्ष², क्ष⁴ नव्हे. बेरजेत घातांक हलत नाही, गुणाकारात हलतो. आणि अक्षरांचा क्रम वेगळा असला तरी पद तेच असते, ३अब + २बअ = ५अब; पण अ²ब आणि अब² वेगळी आहेत. अ = २, ब = ३ ठेवले तर एक १२ येते, दुसरे १८.

आणखी एक गोंधळ राशी आणि समीकरण यांचा. ‘सोपे रूप द्या’ म्हटल्यावर ३क्ष + ६ ला मुले तीनने भागून क्ष + २ करतात, किंवा मनानेच ‘= ०’ जोडून क्ष = −२ असे उत्तर काढतात. क्ष/२ + क्ष/३ ला सहाने गुणून ५क्ष लिहितात. समीकरणात दोन बाजू असतात, म्हणून दोन्हींना सारखेच गुणता-भागता येते. राशीला एकच बाजू असते. तिचे रूप बदलायचे, किंमत नाही. क्ष = ६ ठेवा: ३ + २ = ५. योग्य उत्तर ५क्ष/६, त्याची किंमतही ५. ५क्ष ची किंमत मात्र ३०.

अशी किंमत ठेवून पाहणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. उत्तर बरोबर आहे की नाही हे मुलाला शिक्षकाविना, उत्तरसूचीविना, अर्ध्या मिनिटात कळू शकते. पण संख्या विचार करून निवडावी लागते. १ ठेवू नये. क्ष = १ असताना ३क्ष + ५ ची किंमत ८ आणि ८क्ष चीही ८, म्हणजे नेमकी तीच चूक झाकली जाते. १ चा कोणताही घात १ च, त्यामुळे घातांकांच्या चुकाही दिसत नाहीत. ० ठेवू नये, कारण क्ष असलेली सगळी पदे नाहीशी होतात. २ ठेवू नये, कारण २ + २ आणि २ × २ सारखेच, म्हणून २क्ष आणि क्ष² मधला फरक लपतो. १० चांगला, हिशेब तोंडी होतो. दोन चले असतील तर दोघांना वेगळ्या किमती द्याव्यात, क्ष = १०, य = ३ अशा. वरच्या ५क्ष − ३य − २क्ष + ७य मध्ये ५० − ९ − २० + २१ = ४२, आणि ३क्ष + ४य मध्ये ३० + १२ = ४२.

दहाचीही एक खोड आहे. (५क्ष + ८) + (७क्ष + ६) ची उभी मांडणी केली की काही मुले संख्यांच्या सवयीने हातचा घेतात: आठ आणि सहा चौदा, चार लिहिले, हातचा एक, आणि उत्तर क्ष² + ३क्ष + ४ असे काढतात. क्ष = १० ठेवले तर याची किंमत १३४, आणि बरोबर उत्तर १२क्ष + १४ चीही १३४! हातचा दहाच्या घरासाठीच असतो, म्हणून दहा ठेवून ही चूक पकडता येत नाही. ३ ठेवा: एक ५०, दुसरे २२. म्हणून शंका असेल तर दोन संख्या ठेवून पाहाव्यात. क्षचा सर्वांत मोठा घात १ असलेल्या दोन राशी दोन वेगळ्या किमतींना जुळल्या तर त्या एकच असतात; घात २ असेल तर तीन किमती लागतात. एका किमतीला न जुळणे हा चुकीचा पक्का पुरावा, एका किमतीला जुळणे हा बरोबर असल्याचा केवळ अंदाज.

मोठ्या बहुपदींच्या वजाबाकीत उभी मांडणीच करावी आणि जे पद नाही त्याची जागा शून्याने भरावी. (४क्ष³ − २क्ष + ७) − (क्ष³ + ३क्ष² − ५क्ष − १) मध्ये पहिल्या राशीत क्ष² नाही. ती जागा मोकळी ठेवली नाही तर −२क्ष च्या खाली ३क्ष² येते आणि विजातीय पदे गळ्यात गळा घालतात. वरची ओळ ४, ०, −२, ७. खालची १, ३, −५, −१. खालच्या प्रत्येकाचे चिन्ह बदलून बेरीज: ३, −३, ३, ८. उत्तर ३क्ष³ − ३क्ष² + ३क्ष + ८. क्ष = १० ला ३९८७ − १२४९ = २७३८, आणि उत्तराची किंमतही २७३८.

घरी काही करून पाहायचे असेल तर जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा पुरतो. ७ सेमी बाजूचे ४ चौरस, ७ सेमी × २ सेमीच्या १० पट्ट्या आणि २ सेमी बाजूचे १५ चौकोन कापा. २ सेमी म्हणजे एक एकक मानायचे. मग पट्टीची लांबी क्ष, पट्टी म्हणजे क्ष, मोठा चौरस क्ष², लहान चौकोन १. ७ हे माप मुद्दाम निवडले आहे, कारण ते २ च्या पटीत नाही. पट्टीवर लहान चौकोन नेमके बसले तर मूल क्ष मोजून टाकते आणि खेळ संपतो. प्रत्येक तुकड्याची एक बाजू लाल रंगवा; लाल म्हणजे वजा. साधी आणि लाल पट्टी समोरासमोर आली की दोन्ही उचलायच्या, शून्य. ४क्ष − ४क्ष चे उत्तर ‘क्ष’ लिहिणाऱ्या मुलाला टेबल रिकामे झालेले दिसते. आठवड्याने ७ च्या जागी ९ सेमीचा दुसरा संच करून तीच उदाहरणे घ्या. उत्तर बदलत नाही हे कळणे महत्त्वाचे आहे. क्ष³ मात्र या पुठ्ठ्यांत दाखवता येत नाही, ते वहीतच करावे.

आपल्याकडे माझी विनंती एकच आहे. वृत्तपत्रांच्या शालेय पानांवर सराव-प्रश्नांची उत्तरे उलटी छापून किंवा दुसऱ्या दिवशी नुसती देण्याचा रिवाज आहे. सोपे रूप देण्याच्या उदाहरणांत उत्तराखाली एक ओळ जास्त छापावी: ‘क्ष = १० ठेवून पडताळा: दिलेली राशी ४५, उत्तर ४५.’ जागा फार लागणार नाही. आणि अशा स्तंभांत पुढे कधी फळांचा दाखला द्यायचा झालाच, तर अक्षर फळाला न देता पेटीतल्या फळांच्या संख्येला द्यावे.

आपला,
माध्यमिक शाळेतील एक गणित शिक्षक